पाऊण तासाची टेकडी

६ जानेवारी
लोडिंग डॉक, कपडे बदलायची खोली

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद.

माझ्या चार पानी पत्राला तू अडीच ओळींचं उत्तर पाठवलंस आणि त्यातली अर्धी ओळ ‘बाकी ठीक’ अशी होती. गणितात भोपळे मिळवणारा मुलगा निबंधात तरी नाव काढील, अशी तुझ्या मामांना, म्हणजे माझ्या बाबांना, फार आशा होती. ते आज असते तर त्यांनी हे टोपणनाव तुला कायमचं बहाल केलं असतं. आता ते काम मी करते.

फोन करत जा म्हणतोस. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवू का?’ एवढंच बोलतोस. तेवढ्यासाठी नंबर कशाला फिरवायचा?

टपालाने पत्र बारा दिवसांत पोचतं आणि कंटेनरने चोवीस, तरी मी कंटेनरनेच पाठवते. समुद्रापलीकडे त्या शीतगृहात आमच्या मालाचं दार पहिल्यांदा तूच उघडतोस, त्याची मला गंमत वाटते. नियमात बसतं का तेही मी पाहिलं. ‘मालाखेरीज काहीही आत ठेवू नये’ असं स्पष्ट लिहिलंय. पत्र हे कागदपत्रांत मोडतं, अशी मी माझी समजूत घातली आहे. डायरीत मात्र त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

आज वाटाणा. सकाळपासून चोवीसशे खोकी चढली. प्रत्येक थप्पी लाल रेघेच्या खाली ठेवली, म्हणजे वरून गार हवा खेळती राहील. अधूनमधून एकेक पिशवी फोडून वाटाण्यांत थर्मामीटर खुपसला. उणे अठराच्या वर एकदाही गेला नाही.

मध्ये साहेब येऊन गेले. ते आत येतात ते फोटोपुरते. दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर माझी मागून घेतलेली लोकरी टोपी. हात अंगापासून लांब, पावलं जवळजवळ. डोळ्यांसमोर पेंग्विन आण, म्हणजे आमचे साहेब आलेच. चार खोक्यांवरून हात फिरवला, फोटो काढला, शिंकले आणि गेले.

आता आत्याचा निरोप. तुझी आई म्हणाली, लिही की मी मजेत आहे, आणि त्याला विचार की तिथल्या थंडीत कानाला काही बांधतोस का.

वर मी तीन ओळी खोडल्या आहेत, त्या वाचायचा प्रयत्न करू नकोस. आत्या मजेत आहे. हे वाक्य लिहायला मला इतका वेळ का लागला, ते भेटल्यावर सांगीन.

काम सोडून पत्र लिहीत बसलेय असं समजू नकोस. लॉगर मी तीन दहालाच सुरू केला, रजिस्टरमध्ये नोंदही केली. काडेपेटीएवढा चुगलखोर! चोवीस दिवस दर पाच मिनिटांनी आतलं तापमान टिपायचं आणि शेवटी सगळं तुझ्या कानात ओतायचं. आत्ताही माझ्या खिशात लाल डोळा मिचकावतोय. दारवाले काका दोनदा डोकावून गेले. म्हणाले, “बाई, होऊ द्या सावकाश. दार लावून घेतलंय, मशीन चालू आहे. शेवटची रांग तुमच्यासाठी ठेवलीय.” बावीस वर्षं दारावर उभा राहिलेला माणूस आणि अजून दुसऱ्याला ‘सावकाश’ म्हणतो. त्यांना जास्त ताटकळत ठेवणं बरं नाही, थांबते.

तुझी
हेडबाई

---

३१ जानेवारी

ती. हेडबाईंस,

साष्टांग नमस्कार. वही लाल शाईने तपासून परत पाठवू नये ही विनंती.

काल सकाळी तुझा कंटेनर आला. दाराच्या आत, पॅकिंग लिस्टच्या मागे, पत्र होतंच. दर वेळेसारखं कडक. घडी उघडायला गेलो तर मोडेल असं वाटलं, म्हणून शर्टाच्या आत घालून दहा मिनिटं हिंडलो. तेव्हा कुठे ते माणसात आलं. इथले लोक मला छातीत घट्ट हात धरून फिरताना बघतात. त्यांना वाटतं मला छातीचा विकार आहे, आणि जड खोकी उचलायला मला सांगत नाहीत. त्यामुळे तू पत्रं अशीच पाठवत जा.

आता एक खाजगी बातमी. तुझ्या वाटाण्यांना ताप आला होता. लॉगरचा आलेख काढला तर सुरुवातीलाच ही एवढी टेकडी! सत्तावीस अंश, तीन दहा ते तीन पंचावन्न. त्यानंतर चोवीस दिवस इस्त्री केल्यासारखी सपाट रेघ. मी घाबरून दाराजवळच्या वीस पिशव्या हलवून पाहिल्या. सगळ्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या. वाटाणा एकदा वितळून पुन्हा गोठला असता तर पिशवीत दगड झाला असता. एकही दाणा दुसऱ्याला चिकटलेला नाही. माल अगदी ठणठणीत.

मग ताप कुणाला आला होता? ते मला तुझं पत्र वाचल्यावर दोन मिनिटांत कळलं आणि मी एकटाच हसत बसलो. सांगणार नाही. तूच शोध. आयुष्यभर तू माझ्या उदाहरणांतल्या चुका काढल्यास, हे एक उदाहरण मी घालतो. एवढंच सांगतो की ते माणूस कामाला चोख आहे, फक्त गप्पांत रमलं की घड्याळाचं भान राहत नाही. सांभाळून घे त्याला.

काळजी करू नकोस. शेऱ्यात मी ‘लॉगर सदोष असावा’ असं लिहून विषय संपवला. नोकरीतलं माझं पहिलं खोटं. अक्षर जरा वाकडं आलं, पण चाललं.

तुझ्या तीन खोडलेल्या ओळी मी उजेडासमोर धरल्या. ‘मनगट’ एवढं वाचता आलं. आईच्या मनगटाला काय झालंय?

कानाला बांधतो असं तिला सांग. बांधत नाही, पण सांग.

तुझा
भोपळ्या

---

१४ फेब्रुवारी

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालाने पाठवतेय. सध्या कंटेनरमध्ये काही ठेवायला हात धजत नाही.

तू विषय संपवलास असं लिहितोस. तो इथे येऊन सुरू झाला. तुझा शेरा आणि तो आलेख ई-मेलने एकाच दिवशी आले. ग्राहकाने विचारलंय की पाऊण तास सत्तावीस अंश कशामुळे, आणि जबाबदार कोण. साहेबांनी मला आणि दारवाल्या काकांना बोलावलं. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

साहेब म्हणाले, “तिकडून लिहिलंय की लॉगर सदोष असावा. मग प्रश्नच मिटला.”

मी म्हटलं, “नाही साहेब. तो लॉगर मीच डिसेंबरात बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासलाय. शून्य म्हणजे शून्य दाखवत होता.”

“मग तुमचं रजिस्टर काय म्हणतं?”

मी वाचून दाखवलं. “तीन दहा. लॉगर सुरू केला, शेवटच्या रांगेत ठेवला.”

“म्हणजे लॉगर आत होता आणि आत सत्तावीस अंश होते. दार पाऊण तास सताड उघडं होतं, दुसरं काय?” साहेब काकांकडे वळले. “कुठे गेला होतात?”

काकांनी रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, “काका, दार उघडं होतं का?”

ते म्हणाले, “मी काय सांगणार बाई. तुमच्या वहीत असेल तसं.”

कंटेनरच्या मशीनची स्वतःची वेगळी नोंद असते, ती मागवू या असं मी सुचवलं. जहाज कंपनीकडून ती यायला महिना लागतो. साहेब म्हणाले, “बाईंचं रजिस्टर समोर असताना ती कशाला?” मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही खरं ते लिहून ठेवते.

काकांना दारावरून काढून मागच्या आवारात लाकडी पॅलेट मोजायला बसवलंय. मार्चअखेर त्यांचं काम संपवायचं ठरलंय. वय अठ्ठावन्न. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

तू तर पहिल्या फटक्यात ओळखलंस. ‘गप्पांत रमलं की घड्याळाचं भान राहत नाही’ हे काकांचं हुबेहूब वर्णन आहे. माझ्या पत्रांतून तुला ते इतके कळले याचं नवल वाटलं. त्यांना वाचवण्यासाठी तू खोटं लिहिलंस. मन मोठं आहे तुझं, पण खोट्याने कोणी वाचत नाही, भोपळ्या. बघ, वाचलं का?

आणि तरी माझ्या मनात एक खडा आहे. काका त्या दिवशी ‘दार लावून घेतलंय’ म्हणाल्याचं मला आठवतं. पण आठवण आणि नोंद यांच्यात भांडण झालं तर नोंद धरावी, हे मी आजवर पाळत आले. म्हणून डायरी काढून पाहिली. डायरीतही तीन दहा. (डायरी मी संध्याकाळी रजिस्टरवरूनच लिहिते, हे आत्ता ही ओळ लिहिताना लक्षात आलं. म्हणजे दोन साक्षीदार नाहीत, एकच आहे.)

कुठेतरी काहीतरी बसत नाहीये. पण काय, ते सापडत नाही. पिशव्या खुळखुळत होत्या हे तुझं वाक्य सारखं डोक्यात खुळखुळतंय. दार पाऊण तास उघडं असेल तर दाराजवळचा वाटाणा तसाच कसा राहील?

आत्याच्या मनगटाबद्दल काही विचारू नकोस. मी तिला शब्द दिलाय.

तुझी
हेडबाई

---

२६ फेब्रुवारी

हेडबाई,

आज नमस्कार-चमत्कार नाहीत.

तुझं पत्र दुपारी आलं आणि माझं हसू जे पळालं ते अजून परतलेलं नाही. फोन उचलला होता. तुझा नंबर लावलाही. मग ठेवला. मी फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, “शक्य नाही, रजिस्टरमध्ये आहे.” तुझ्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुझ्यापुढे एकच गोष्ट चालते, ती म्हणजे तुझंच अक्षर. ते सोबत पाठवतोय. सहा जानेवारीच्या पत्राचं शेवटचं पान. कुरिअरने, म्हणजे चार दिवसांत मिळेल.

तुझ्या परवानगीशिवाय मी त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारली आहे. जन्मात पहिल्यांदाच तुझी वही माझ्या हातात आली, राहवलं नाही.

‘आत्ताही माझ्या खिशात लाल डोळा मिचकावतोय.’

कळलं? ते गप्पांत रमणारं माणूस तू होतीस, बयो. लॉगर वाटाण्यांत नव्हताच. तो तुझ्या ॲप्रनच्या खिशात, कपडे बदलायच्या उबदार खोलीत, माझ्या आईचा निरोप खोडत बसला होता. सत्तावीस अंश ते तिथले. तू वरची टोपी काढून, पाय पसरून, पेनचं टोपण दातात धरून बसली असशील हेसुद्धा मला त्या टेकडीत दिसलं होतं. म्हणून तर हसलो.

हसलो तिथेच चुकलो. मला वाटलं, तू वाचशील, कपाळावर हात मारशील, मला चार शिव्या देशील आणि संपेल. ‘तूच शोध’ म्हणून कोडं घालत बसलो. त्याच वेळी सरळ लिहिलं असतं तर तो माणूस आज त्याच्या दारात असता. आणि शेऱ्यात खोटं लिहिलं नसतं तर तुला ते खोडून काढायची संधीच मिळाली नसती. तुझ्यासमोर कोणी चुकीचं लिहिलं की तुला गप्प बसवत नाही, हे मला चौथीपासून माहीत आहे. काकांच्या पॅलेट मोजण्यात निम्मा वाटा माझा आहे. तो मी इथल्या साहेबांना सांगितलाय. त्यांनी बोलून घेतलं, तेवढ्यावर निभावलं.

आता तू काय करावंस ते मी सांगणार नाही. या पानाची दुसरी प्रत कुणाकडे नाही. ते तुझ्या हातात आहे आणि ते तिथेच राहिलं तर मी कधी विचारणार नाही. फक्त साहेबांना दाखवायचं ठरवलंस तर एक लक्षात ठेव. त्याच पानावर पेंग्विन आहे.

तुझा
भोपळ्या

ता. क. आईचं मनगट. शब्द तू दिलायस, मी नाही. मी विचारणारच.

---

५ मार्च

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद.

पान मिळालं. लाल रेघ वाकडी आहे. पट्टी घेऊन मारायची असते.

वाचल्यावर मी ते पान रजिस्टरमधल्या त्या दिवसाच्या ओळीशेजारी ठेवून पाहिलं. अक्षर माझंच, वाक्यही माझंच. चूक कशी झाली तेही मग लख्ख दिसलं. लॉगर सुरू करणं आणि रांगेत ठेवणं ही दोन कामं मी अकरा वर्षं एका दमात करत आले, म्हणून एका ओळीत लिहिते. त्या दिवशी एकच काम केलं आणि ओळ मात्र सवयीने पूर्ण लिहिली. मग ती ओळ खरी धरून मी एका माणसाला साक्षीला उभं केलं आणि त्याच्याविरुद्ध ती वाचून दाखवली. स्पष्ट आवाजात.

तू पान माझ्या हातात सोपवलंस ते मला आवडलं आणि नाहीही आवडलं. तुला वाटलं असेल का की मी ते ठेवून घेईन? खरं सांगते, घडी करून पर्समध्ये ठेवलं तेव्हा एका क्षणापुरतं मलाही वाटलं. मग केबिनच्या दाराशी दुसरीच लबाडी सुचली. पानाची वरची बाजू दुमडली, म्हणजे साहेबांना फक्त खालचा भाग दिसावा. दुमडलं आणि तशीच उभी राहिले. हे खोटं नाही, पण खरंही नाही, असं वाटलं. पुन्हा उलगडलं आणि आत गेले.

साहेबांनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. तुझ्या मामांनीही माझा निबंध इतक्या सावकाश कधी वाचला नव्हता.

“‘डोळ्यांसमोर पेंग्विन आण’,” साहेब थांबले. “हा मी?”

“हो साहेब.”

“‘दोन स्वेटर’,” ते मागच्या ओळीवर परत गेले. “तीन असतात.”

“अं?”

“स्वेटर. तीन असतात, दोन नाही. नोंद अचूक हवी, बाई.”

मग ते लाल रेघेपर्यंत पोचले. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. म्हणाले, “हे पान मिळालं नसतं तर?” मी म्हटलं, “तर काका मार्चअखेर घरी बसले असते आणि माझं रजिस्टर बरोबर राहिलं असतं.”

काका आजपासून पुन्हा दारावर आहेत. ग्राहकाला खरं काय ते कळवलंय, आणि खाली माझं नाव आहे. तीन महिने माझी एकटीची सही चालणार नाही. लॉगर ठेवताना दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहायचं आणि शेजारी सही करायची. तो दुसरा माणूस कोण असावा, असं साहेबांनी विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं. आणि पत्रं यापुढे टपालाने. “कंटेनर ग्राहकाचा आहे, तुमच्या आतेभावाचा नाही,” असं साहेबांचं वाक्य. त्या नियमापुढचं माझ्या डायरीतलं प्रश्नचिन्ह मी पुसून टाकलं.

पण सगळ्यात अवघड ते मागच्या आवारात होतं. काका उन्हात पॅलेटच्या ढिगाशी उभे होते, हातात खडू. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या खिशात तो दिवा लुकलुकत होता खरा. मी पाहिला होता.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत, काका?”

ते खडूकडे बघत म्हणाले, “बाई, अकरा वर्षं तुमची वही बघतोय. तुम्ही वाचून दाखवलं तेव्हा मलाच वाटायला लागलं, की आपण खरंच दार उघडं टाकलं की काय. घरी जाऊन बायकोला विचारलं, मी अलीकडे विसरायला लागलोय का गं? ती म्हणाली, ‘गॅस बंद केला का ते तुम्ही रोज तीनदा बघता, तेव्हा लागला असाल.’ महिनाभर दोघं त्याच घोरात होतो.”

खोटं बोलून मी त्यांची नोकरी घेतली असती तर त्यांनी मला शिव्या तरी दिल्या असत्या. मी खरेपणाने त्यांची स्वतःवरची खात्री घेतली. ती परत कशी करायची, ते रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं, मला ठाऊक नाही.

निघताना त्यांनीच विचारलं, “आतेभावाला पत्र पोचलं ना पण वेळेवर?”

आता मनगट. आत्याला सांगून टाकलं की मी शब्द मोडणार आहे. डिसेंबरात ती न्हाणीघरात घसरली. मनगटाला बारीक चीर गेली होती. प्लास्टर निघालंय, बोटं हलतात, डब्याचं झाकण मात्र शेजारणीकडून उघडून घेते आणि ‘झाकण घट्ट बसलंय’ म्हणते. त्या दिवशी हे लिहावं की न लिहावं यात माझा पाऊण तास गेला. सगळं ऐकून आत्या काय म्हणाली सांगू? “मग आधीच लिहायचं होतंस. सगळ्यांचाच वेळ वाचला असता.” जणू काही लिहू नकोस म्हणून माझा हात धरणारी ती नव्हतीच.

तुझी
हेडबाई (तीन महिने दुय्यम)

---

३० मार्च

ती. दुय्यम हेडबाईंस,

साष्टांग नमस्कार.

काल तुझा कंटेनर आला. पुन्हा वाटाणा. दार उघडलं तर आत नुसती पॅकिंग लिस्ट. शर्टात घालायला काहीच नव्हतं. दोघांनी विचारलं, “छाती बरी झाली वाटतं?” बरी झाली म्हटलं. आता जड खोकी मला उचलावी लागताहेत, याची जबाबदारी कुणाची तेही एकदा तुझ्या साहेबांना विचार.

लिस्टखाली दोन सह्या होत्या. एक तुझी, शाळेच्या दाखल्यावर असते तशी. तिच्या शेजारी काकांची, प्रत्येक अक्षर वेगळं उभं केलेलं आणि खाली तारीख, वेळ, मिनिटांसकट. एवढी ठाशीव सही आमच्याकडे कुणी करत नाही. पेन इतकं दाबलंय की कागदाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागतं. मला वाटतं, तू जे परत करायचं कसं म्हणून विचारत होतीस, त्यातलं थोडं तिथे पोचलंय. मागच्या बाजूला हात लावून बघ पुढच्या वेळी.

आलेख काढला. लॉगर आत गेल्या गेल्या खाली उतरलेली आणि मग चोवीस दिवस सरळ रेघ. खोट काढायला जागा नाही. आमचे साहेब बेहद्द खूश. मी मात्र जरा हिरमुसलो. जानेवारीचा तो टेकडीवाला कागद मी फाइलमध्ये लावायच्या आधी एक प्रत काढून घेतली होती, ती माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. कुणी विचारलं तर सांगतो, हा एका फार शिस्तीच्या बाईचा ताप आहे. चोवीस दिवस उणे अठरा, आणि सुरुवातीला पाऊण तास कुणीतरी माझ्या आईबद्दल काय लिहावं याचा विचार करत बसलं होतं. सरळ रेघेत असलं काही दिसत नाही.

रजा मंजूर झाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, चांगला महिनाभर. आईच्या डब्यांची झाकणं मी उघडीन. काकांना भेटायचंय आणि तुझ्या पेंग्विनलाही, तीन स्वेटर मोजून बघायचेत.

आईला अचानक समोर उभं राहून चकित करावं असा बेत होता. म्हणून लिहिणार होतो की तिला इतक्यात सांगू नकोस. पण नको. तुला काही लपवायला लावलं की तू तीन ओळी खोडतेस, पाऊण तास जातो, आणि शेवटी वाटाण्यांना ताप येतो.

सांगून टाक.

तुझा
भोपळ्या